चार नंबरवरची टकली टेकडी

"डोळे तेज नायत तुझे, कल्पेश! तुझ्या मशीनला गवतच नाय, म्हणून तुला माणसं दिसतात!"

देवेश हे अख्ख्या गेमिंग कॅफेसमोर बोलला. कल्पेशचा हात माऊसवरून थेट त्याच्या कॉलरला.

"परत बोल."

"शंभरदा बोलीन. काल माझी मशीन बंद होती, म्हणून तुझ्या चार नंबरवर बसलो. टेकडी बघितली रे. टकली! एक पातं नाय. आम्ही इकडे गवतात दबून बसतो नि हा वरून टिपतोय, आम्ही काय परेडला उभे हाव तसे. आणि म्हणे घार!"

पोरं फिदीफिदी हसली. दोन वर्षं हीच पोरं कल्पेशला घार म्हणत होती. लांबून, धुरातून, गवतातून कुणी सुटायचा नाही त्याच्या नजरेतून. नववीत शाळा सोडली तेव्हापासून कोन गावातल्या गोडावनात बॉक्स उचलणाऱ्या त्याच्याकडे दुसरं होतंच काय? ही नजर. पुण्याच्या स्पर्धेला चौघांची टीम जाणार होती. तीन नावं ठरली होती, चौथं याचं नाहीतर देवेशचं. तिथं चमकला तो मोठ्या टीमवाल्यांच्या डोळ्यात भरणार, मग खेळणं हीच ड्युटी. कल्पेशनं मनातल्या मनात गोडावन कधीच सोडलं होतं.

"कॉलर सोड आधी," कॅफेवाला प्रितमदादा मध्ये पडला. "खोटं नाय बोलत तो. गेम मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड बघून चित्र काढतो. चार नंबरचं कार्ड आलं तेव्हा तू पाचवीत असशील. त्याच्यात दमच नाय. मग गेम गवत काढत नाय, धूर काढत नाय, सावलीच्या जागी पायाखाली काळा ठिपका ठेवतो. काच म्हंजे करडा पत्रा, तिच्यात समोरचं काय दिसत नाय."

"तुला म्हायती होतं?"

"मला वाटलं तुला म्हायती हाय."

कल्पेशला माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं, फक्त ही बाकीची आंधळी हायत.

"पुण्याला सगळ्या मशीन नव्या," नेत्रा म्हणाली. ती प्रितमची बहीण आणि टीमची कॅप्टन. "एक नंबरवर बस. समोर देवेश. पाच राऊंड. जिंकलास तर तुझं नाव."

"बसतो ना. घाबरतो काय?"

एक नंबरच्या स्क्रीनवर टेकडी उघडली आणि कल्पेशचं तोंडही उघडंच राहिलं. कंबरभर गवत, वाऱ्यानं एका बाजूला लवणारं. पडघा गावामागच्या माळावर असतं ना, अगदी तसं. ढगाची सावली उतारावरून सरकत गेली. तो ती बघत राहिला, आणि डोक्यात गोळी बसली.

"निसर्ग बघायला आलास काय?" देवेश हसला.

दुसऱ्या राऊंडला तो काळा ठिपका शोधत बसला. ठिपका कुठला? झाडांच्या सावल्या, पानांच्या सावल्या, सगळं हलत होतं, आणि तो हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर गोळ्या झाडत होता. मेला. तिसऱ्याला मात्र त्यानं डोकं लावलं. गवताकडे गेलाच नाही, टेकडीखालच्या बाजाराच्या गल्लीत शिरला. तिथं सगळं उघडं. देवेश धावत आला आणि आडवा झाला. चौथाही कल्पेशनं तिथंच मारला. दोन-दोन. नेत्रा खुर्ची ओढून मागे येऊन बसली.

पाचवा. कल्पेश परत गल्लीत. कोपऱ्यावर बंद दुकान, त्याला मोठी काच. काचेच्या आत देवेश उभा, बंदूक रोखून. कल्पेशचं बोट चाललं. आयुष्यात इतक्या लवकर चाललं नसेल. सगळ्या गोळ्या काचेत. काच खळकन फुटली, आत रिकामं दुकान. देवेश त्याच्या पाठीमागे उभा होता.

चार नंबरवर जे जिथं दिसायचं, ते तिथंच असायचं.

कुणी हसलं नाही. देवेशसुद्धा. "माझंपण पयल्यांदा असंच झालेलं," तो हळूच म्हणाला. ते कल्पेशला शिवीपेक्षा जास्त लागलं.

प्रितमदादानं फोनवर चौथं नाव टाकलं आणि वर न बघताच म्हणाला, "चार नंबर सोमवारी काढतोय. नवीन अपडेट त्या कार्डावर चालूच होणार नाय."

"रोज दुपारी ये," नेत्रा म्हणाली. "एक नंबर तेव्हाच रिकामी असते. दोन-तीन म्हयन्यात डोळा बसेल. पुढच्या वर्षी परत स्पर्धा हायच."

"दुपारची शिफ्ट हाय माझी."

"मग सकाळी?"

"सकाळी कॅफे बंद असतो, तुझाच हाय ना?"

खिशातला फोन वाजला. मुकादम. कल्पेशनं कट केला, परत वाजला. त्यानं एकदा एक नंबरच्या स्क्रीनकडे बघितलं. टेकडीवर गवत अजून हलत होतं, त्यात कुणी होतं की नव्हतं, काय म्हायती.

"चल," तो म्हणाला, "गोडावनला रात्रीचा ट्रक लागलाय. मला निघायला पायजे."