मागणाऱ्यांची खुर्ची

मित्रांनो, शिक्षण खात्याच्या बाई त्या सकाळी माझ्यावर येऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या पदरात काहीच पडणार नव्हते. ना बढती, ना सोयीची बदली. त्यांना हव्या होत्या शंभर वस्त्यांसाठी शंभर बस. ज्या वस्त्यांत चौथीच्या पुढे वर्ग नाही, तिथल्या मुलांना पुढच्या शाळेत नेण्यासाठी.

मी अर्थखात्याच्या बैठकीच्या खोलीतली जुनी सागवानी खुर्ची. सुताराने मला घडवले तेव्हा माझे पाय चांगले लांब होते. मग वरून हुकूम आला आणि ते दोन-दोन बोटे कापले गेले. मागणारा माणूस देणाऱ्यापेक्षा जरा खाली बसलेला बरा दिसतो म्हणे. देशाचा खर्च ठरतो तो असा: नवे वर्ष लागण्याआधी एकेक खाते मागणी घेऊन माझ्यावर बसते, समोरचे साहेब ती छाटतात, मंत्रिमंडळ मान डोलावते आणि शेवटी सभागृह मतदान करते. त्या काळी मला रोज पुसत असत. पाहुणे माझ्या वेताच्या विणीचे कौतुक करत.

त्या खोलीत एक न लिहिलेली रीत होती. मागणाऱ्याने तिसरा हिस्सा चढवून मागायचे, साहेबांनी चौथा हिस्सा उतरवायचा. हवे तेवढे पदरात पडे, काटकसरही दिसे, दोघेही खूश.

बाई नव्या होत्या. त्यांच्या आधी रस्ते खात्याचे अण्णा बसले होते. उठता उठता ते पुटपुटले, "ताई, आकडा फुगवलाय ना?"

"नाही. लागतात तेवढंच मागणार."

"अहो, दोन दिवसांचा उपाशी दिसल्याशिवाय इथे कोणी वाढत नाही."

समोरच्या साहेबांना सगळे कात्रीसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. पगार, पेन्शन आणि जुन्या कर्जाचे व्याज तिजोरीतले बरेचसे आधीच उचलून नेत. उरलेल्या चादरीत सगळ्यांचे पाय बसवायचे, हे त्यांचे काम.

"बाई, यात हवा किती?"

"हवा नाही, साहेब. वस्तीवार मुलं मोजून आलेय."

"इथे येणारा प्रत्येक जण मोजूनच येतो." साहेब हसले. "चला, पंचाहत्तर."

"मग उरलेल्या पंचवीस वस्त्यांना काय सांगू?"

"सांगा, पुढच्या वर्षी."

बाईंनी माझा हात घट्ट धरला. मग त्या उठल्या.

पुढे सभागृहात शिक्षणावर तासन् तास भाषणे झाली, बाके वाजली, असे शिपाई सांगत होते. आकडा कोणी हलवला नाही.

शाळा सुरू झाल्यावर खर्चाचा आढावा घ्यायला साहेबांनी बाईंना बोलावले. पंचाहत्तर बस मुलांनी खचाखच भरून धावत होत्या. पंचवीस वस्त्यांतले एकही मूल पाचवीत आले नव्हते.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्या आकड्यात खरंच हवा नव्हती?"

"नव्हती."

"मग ठासून सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

मग साहेब म्हणाले, "वर्षाच्या मध्येच जादा पैसे मागू, पुरवणी मागणीत घालू या."

"घाला साहेब. पण ती मंजूर होऊन बस येईपर्यंत शाळेचं वर्ष सरेल. एकदा घरी बसलेलं पोर गुरांमागे जातं, नाहीतर धाकट्याला सांभाळतं. ते परत वर्गात येत नाही."

आता मी गोदामात आहे. माझा वेत फाटला आहे. तो कोणी विणला नाही तरी चालेल. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या त्या समोरच्या उंच खुर्चीवर बसेल. छाटण्याआधी समोरच्याचे एकदा नीट ऐका. जिथे खरे बोलणाऱ्याचे नुकसान होते, तिथे शहाणी माणसे लवकरच खोटे शिकतात.

शेवटी जमाखर्च सांगते. अण्णांना हवे तेवढे मिळाले. साहेबांची काटकसर वाखाणली गेली. बाई पुढच्या वर्षीपासून तिसरा हिस्सा चढवून मागू लागल्या आणि त्यांना सगळे मिळत गेले. किंमत भरली ती पंचवीस वस्त्यांतल्या त्या वर्षीच्या मुलांनी. त्यांना मात्र त्या खोलीत कोणी कधी बसवलेच नव्हते.