त्यागमूर्तींची मांडी

थंडी सरत आलेल्या दिवसांतील एका सोमवारी, सकाळी, सरकारी रुग्णालयाच्या जळीत विभागातील कोपऱ्याच्या खोलीत पुढील संभाषण झाले.

खाटेवर शिंपी होता. दुकानातली वाफेची इस्त्री फुटून त्याच्या उजव्या हाताची पाठ भाजली होती, आणि तेथे नवी कातडी लागली नाही तर बोटे आखडतील, कात्री पुन्हा धरता येणार नाही, असे सर्जनबाईंनी सांगितले होते. शेजारी त्याची बायको होती. दारात थोरले बंधू उभे होते. त्यांचे आजवरचे सगळे कर्तृत्व तोंडानेच पार पडले होते.

“धाकट्यासाठी माझ्या कातड्याचे जोडे करीन,” हे वाक्य त्यांनी चारचौघांत इतक्यांदा उच्चारले होते की त्याला काही अर्थ असतो, हे ते विसरले होते. आज मात्र तपासायला आलेल्या सर्जनबाईंना पाहून त्यांना चेव आला.

“माझी मांडी घ्या.”

“उपयोग नाही,” सर्जनबाई म्हणाल्या. “कातडी कायमची लागते ती स्वतःचीच. परक्याची शरीर झिडकारतं.”

“परका? सख्खा भाऊ आहे मी.”

“शरीर नातं विचारत नाही. त्यांच्याच मांडीची पातळ साल काढून लावू. मग पट्टी सोडेपर्यंत हात जागचा हलता कामा नये. कातडी धरायच्या आत सरकली, तर मेली.”

थोरल्यांचा जीव भांड्यात पडला. परंतु नाकारला गेलेला त्याग गावभर सांगायला कोणाची आडकाठी नसते. विभागातल्या परिचारिकेने त्यांचे नाव त्यागमूर्ती ठेवले, ते यामुळेच.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी ते आत्याला घेऊन आले.

“डॉक्टरीणबाईंनी अक्षरशः हात जोडले, आत्या. म्हणाल्या, तुमचं वय बघा.”

“काढली नाही ना कातडी?”

“नाही.”

“मग लंगडतोयस कशाला?”

“मनाची तयारी झाली होती ना.”

आत्याने पदर तोंडाला लावला. प्रसंग हातचा जातो आहे हे ओळखून थोरल्यांनी उशीवरचा, फळीला बांधलेला हात उचलला आणि छातीशी घट्ट धरला.

“हे बोट धरून चालायला शिकवलंय मी याला.”

“दादा, ठेवा तो खाली,” शिंप्याची बायको म्हणाली.

“अगं, माझाच भाऊ आहे.”

शिंप्याने ओठ चावले. थोरल्यांना उलट बोलायचे नाही, ही शिस्त त्याने जन्मभर पाळली होती, आणि ज्या एका घटकेला ती मोडायला हवी होती त्या घटकेलाही ती निमूटपणे पाळली. अशा सभ्यतेला मूर्खपणा म्हणावे.

पट्टीवर लाल डाग पसरू लागला. परिचारिकेने सर्जनबाईंना बोलावले. त्यांनी पट्टी सोडली. साल सुरकुतून एका कडेला गोळा झाली होती आणि तिच्याखाली रक्त साकळले होते.

“गेली,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या मांडीची काढावी लागेल. बोटं पूर्ण वळतील, असं आता मी म्हणणार नाही. आणि यांना पुन्हा आत सोडू नका.”