मडल नावाचा खण

मी एक जुना खण आहे. इंग्लंडच्या उत्तरेला कोळसा-कामगारांच्या वस्तीत, एडनाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाला मी बसवलेला आहे. सुताराने मला घडवलं तेव्हा मी कसा सुळकन सरकायचो! पोटात फक्त काटे-चमचे, तेही शहाण्यासारखे ओळीत झोपलेले. शेजारणी मला उगाचच उघडून बघायच्या.

मग एक दिवस सुतळीचा गुंडा आला. त्याच्यामागून वाढदिवसाच्या अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या, फ्यूजची तार, कुलपं हरवलेल्या किल्ल्या. एडना काहीच टाकायची नाही, माझ्यात कोंबायची. जिथे सगळं असतं आणि काहीच सापडत नाही, अशा गुंत्याला तिकडे ‘मडल’ म्हणतात. माझं नावच मडल पडलं. चष्मा हरवो की बूच, घरात उत्तर एकच: मडलमध्ये बघ. मित्रांनो, मला श्वास घ्यायलाही जागा उरली नाही.

एडनाचा नवरा विल्फ शर्यतीची कबुतरं पाळायचा. बिचारा एकदाही जिंकला नव्हता. त्या शनिवारी मात्र फ्रान्सहून सोडलेली त्याची करडी कबुतरी सगळ्या गल्लीच्या आधी परसात उतरली. तिच्या पायातली रबरी कडी पितळेच्या डबीत घालून शर्यतीच्या घड्याळात टाकली, की वेळेचा ठसा उमटणार; तीच पोचल्याची वेळ धरतात. पण डबी? एडनाने सकाळी आवरताना माझ्यात टाकलेली!

विल्फने मला ओढलं. मी बोटभर सरकलो आणि अडकलो. आत बटाटे कुस्करायचा मॅशर उभा राहून वरच्या फळीला टेकला होता. माझ्याच पोटातल्या वस्तूने मला कोंडलं होतं. विल्फने सुरी घालून पाहिली, मग लाथ घातली.

“हळू, मोडेल तो,” एडना म्हणाली.

“मोडू दे. जन्मात एकदा पहिली आली माझी पोर, आणि तुझा मॅशर दारात पहारा देतोय.”

तेवढ्यात पलीकडच्या परसात शेजारी पर्सी आनंदाने ओरडला. त्याच्या कबुतराच्या वेळेचा ठसा उमटला होता.

विल्फ फरशीवरच बसला. एडनाने उलथनं आत सारून मॅशर खाली दाबला. मी उघडलो. डबी अगदी वरच होती.

मित्रांनो, आम्हा खणांना हात नसतात. आतून काही ढकलता येत नाही. म्हणून कोंबण्याआधी क्षणभर स्वतःला आमच्या जागी ठेवून बघा. ऐन वेळी आम्हालाही उघडायचं असतं हो, अगदी मनापासून.