सात नंबरची थप्पी

छापखान्याच्या बांधणी विभागात मी एकतीस वर्षं काढली. छापून, दुमडून आलेल्या पानांच्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. एका लांबलचक टेबलावर पहिल्यापासून बाराव्या फर्म्यापर्यंत थप्प्या मांडलेल्या असायच्या. आम्ही नऊजणी टेबलाभोवती फिरत प्रत्येक थप्पीतला एकेक फर्मा उचलायचो. एक फेरी झाली की एक पुस्तक जुळलं. दिवसभर पाय आणि हात चालू, तोंडाला मात्र काही काम नाही. ते काम अक्काने काढलं.

अक्का आमच्यात सगळ्यात मोठी. ऐकीव काही सांगायची नाही, फक्त स्वतःचं. सासूशी झालेलं भांडण, नवऱ्याचा पहिला पगार, हरवलेली चप्पल. चपलेची हकिकत तीन दिवस पुरली होती! मी सगळ्यात लहान आणि कमी बोलणारी, म्हणून मला सगळ्या ‘मुकी’ म्हणायच्या. रागही यायचा नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं काही आहे, असं मलाच वाटत नव्हतं.

एकदा शाळेच्या गणिताची तीनशे पुस्तकं परत आली. प्रत्येकात सातवा फर्मा उलटा, आकडे डोक्यावर उभे. मॅनेजर एक पुस्तक हातात नाचवतच आत आले.

"सात नंबरची थप्पी कोण लावतं?"

"मी," अक्का म्हणाली.

"वाटलंच मला. तोंडाचा पट्टा चालू असल्यावर हातांकडे लक्ष कसं राहणार? उद्यापासून येऊ नका बाई. आणि बाकीच्यांनी ऐकून ठेवा, इथे यापुढे एक शब्द नको."

अक्का भांडेल असं वाटलं होतं. पण ती नुसती म्हणाली, "झालं असेल माझ्याकडून. आठवत नाही," आणि अंगावरचा एप्रन सोडायला लागली. गाठ सुटेना. घरी आजारी नवरा, कमावणारी ती एकटी. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, त्या दिवशी अक्का सायकल शिकत होती."

"काय?"

"मुकी बोलली!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"म्हणजे, सायकलची हकिकत सांगत होती. गणिताचं पुस्तक जुळवलं तो सायकलचा दिवस. सकाळी पहिल्या फेऱ्या झाल्या तेव्हा तिने नवऱ्याची सायकल चोरून बाहेर काढली होती. चहाच्या आधी ती दोनदा पडली. सातची जुनी थप्पी तेव्हा निम्मी होती, आणि ती सुलटीच होती. चहानंतर अक्का उतारावर आली. ब्रेक लागेना. समोरून सासरे येत होते, हातात अंड्यांची टोपली."

मॅनेजरांचा हात पुस्तकासकट खाली आला. "मग?"

"मग तुम्ही आलात, साहेब."

कुणीतरी फिसकन हसलं.

"तुम्ही दारात आलात आणि अक्का गप्प झाली. आम्ही सगळ्या माना खाली घालून भराभर फिरायला लागलो. सातची थप्पी संपली होती. अक्का तुम्हाला नमस्कार करत उभी होती, म्हणून मी पळत जाऊन फळीवरचा सातव्या फर्म्यांचा नवा गठ्ठा आणला. तुम्ही बघत होतात. काम करताना दिसावं म्हणून मी तो घाईघाईने..."

तो गठ्ठा टेकवतानाचे माझे हात मला आता लख्ख दिसत होते. बोलायला लागले तेव्हा हे मलाही माहीत नव्हतं. सांगत सांगतच मी तिथवर पोचले होते.

"मी उलटा ठेवला, साहेब. अक्काने नाही. काढायचं तर मला काढा."

मॅनेजर माझ्याकडे बघत राहिले, मग त्या दाराकडे. कपाळ पुसून म्हणाले, "म्हणजे बोलणं चालू होतं तोवर सगळं बरोबर होतं, आणि मी आलो तेव्हा चुकलं?"

"मी कशाला तसं म्हणू?" मी म्हणाले.

"म्हणालीस की आत्ता!" अक्का म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसत सुटल्या. मॅनेजरांनाही हसू आवरेना. "तीनशेच्या तीनशे उसवा, सुलटी करा, परवापर्यंत हवीत मला. एप्रन बांधा, बाई." दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "त्या अंड्यांचं काय झालं?"

"बसा, सांगते," अक्का म्हणाली. ते बसले नाहीत. पण दारात उभं राहून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोरे उसवायला बसलो. सगळ्या अक्काच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने सुई दातात धरली आणि माझ्याकडे बोट केलं. "आज हिची पाळी. काल साहेबाला उभं ठेवलंन हिने, आपल्याला निदान बसवून तरी ठेवेल."

मला दरदरून घाम फुटला. पण मी सुरू केलं, अगदी माझ्या जन्मापासून. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी जेमतेम चार वर्षांची झाले होते, आणि एकही जण डबा उघडायला उठली नव्हती.