ग्लेनिसचे चार वाटे

मर्ल हॅस्किन्सने एकोणीस वर्षांत इमारतीच्या लिफ्टचं बटण एकदाही दाबलं नव्हतं. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरची ती इमारत, पण मर्ल तळमजल्यावर, मागच्या अंगाला. तिच्या खिडकीतून दिसायचे कचऱ्याचे डबे, आणि त्यांच्या पलीकडे कपडे वाळत घालायची फिरती लोखंडी छत्री. ती तिच्या नवऱ्याने, क्लाइव्हने, स्वतःच्या हाताने सिमेंटात रोवली होती. क्लाइव्ह गेला, छत्री राहिली.

समुद्र दिसायचा तो ग्लेनिस टोलहर्स्टला. वरचा अख्खा मजला तिचा. तिच्या गच्चीत चादर अर्ध्या तासात वाळते, हे मर्लला खाली उभं राहून, घड्याळ बघून ठाऊक झालं होतं.

इमारतीत घरं पाच. लिफ्ट, रंग, विमा, सगळ्याचा खर्च पाच सारख्या वाट्यांत.

"समुद्र तिने बघायचा आणि लिफ्टला तेल मी घालायचं!" मर्ल शेजारच्या डेस्मंडला म्हणायची.

"अगं, तुला लिफ्ट नाही खुपत, तिची गच्ची खुपते," डेस्मंड हसायचा.

"खुपू दे. तू बाजूने आहेस ना माझ्या?"

वाटे बदलून मिळावेत म्हणून तिने सरकारी लवादाकडे निवाडा मागितला. कागद दीड वर्ष फिरले. एकदा ग्लेनिसने तिला दारातच गाठलं.

"मर्ल, तोंडावर बोलली असतीस तर बसून मिटवलं असतं गं."

"तोंडावर बोलायला वर यावं लागलं असतं."

निकाल मर्लच्या बाजूने लागला. ज्याच्या घराची किंमत जास्त त्याचा वाटा जास्त: तळमजल्याच्या दोघांना एकेक, मधल्या दोघांना दोन-दोन, ग्लेनिसला चार. मर्लने खोबऱ्यात घोळवलेले केक आणले आणि डेस्मंडसोबत बसून अर्ध्याहून जास्त एकटीनेच संपवले.

मग वार्षिक सभा आली. ग्लेनिसने ठराव मांडला: मागची छत्री काढावी, तिथे गाड्यांसाठी छप्पर घालावं. हात वर झाले. बाजूने दोन, विरोधात तीन. मर्लचा जीव भांड्यात पडला.

"हात नकोत," ग्लेनिस म्हणाली. "वाट्यांप्रमाणे मोजा."

कुणी मागितलं तर मतं वाट्यांप्रमाणे मोजायची, हा नियम जुनाच होता. पण सगळ्यांचे वाटे सारखे होते तोवर तसं मोजून फरक पडत नव्हता, म्हणून कुणी कधी मागितलं नव्हतं. आता मोजलं. मर्लचा एक, डेस्मंडचा एक, मधल्या एकाचे दोन: चार. पलीकडे सहा.

"हे चार तूच मिळवून दिलेस मला," ग्लेनिस म्हणाली. "भरतेय ना मी त्यांचे पैसे? मग वापरणारच." बाहेर पडताना जरा थांबून ती म्हणाली, "कपडे वर आणत जा." त्यात टोमणा होता की नाही, मर्लला कळेना.

खांब मुळापासून कापला गेला. चादर खुर्चीच्या पाठीवर तीन दिवस कुबट होत पडली. चौथ्या दिवशी मर्लने ती पुन्हा धुतली, पिळली, बादलीत घातली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

लिफ्ट आवाज न करता वर गेली. कधी बिघडलेलीसुद्धा दिसली नाही मेली!

गच्चीत वारा भणाणत होता. ग्लेनिसने काही न विचारता दोरीची अर्धी बाजू मोकळी केली, चहा आणला, समुद्राकडे तोंड करून खुर्ची ठेवली.

मर्लने खुर्ची उलटी फिरवली, चादरीकडे तोंड करून बसली आणि घड्याळात पाहिलं.