ओठावरचा थेंब

ट्रक दुरुस्तीच्या कारखान्यात फोरमनला पाठीमागे सगळे 'फवारा' म्हणत. तो बोलायला लागला की समोरच्यानं तोंड पुसायचंच. तर या गृहस्थाला वेल्डरच्या एचआयव्हीची कुणकुण लागली आणि त्यानं भर कँटीनमध्ये जाहीर केलं, "त्याच्या पेल्याला हात लावू नका रे! थुंकीतून पसरतो तो रोग."

कुणाला विचारलं? कुणालाच नाही. अक्कल पाजळायला विचारावं कशाला लागतं! वेल्डरचा पेला वेगळा झाला आणि डबा खायची जागा बाहेर, भंगाराच्या ढिगाशेजारी. वर्षानुवर्षं त्याच्या डब्यात हात घालणारे पठ्ठे आता तो दिसला की अंग चोरायला लागले. वेल्डर भंगारापाशी जेवू लागला. औषधं वेळेवर घेत होता, काम चोख करत होता.

मग एका ट्रकचा जोड उखडला. माप चुकवलं फोरमननं, खापर फोडलं वेल्डरवर. वेल्डरचा तोल सुटला.

"माप तुम्ही दिलंत! माझ्यावर ढकलू नका!" तो तोंडासमोर जाऊन ओरडला आणि थुंकीचा एक थेंब उडून फोरमनच्या ओठावर पडला.

फोरमन किंचाळत नळाकडे धावला. हात धुवायचा साबण ओठांवर घासघास घासला आणि फेसाळल्या तोंडानं दवाखाना गाठला.

"थुंकी उडाली? बरं, मग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अहो, एचआयव्हीवाल्याची!"

"थुंकीतून एचआयव्ही पसरत नाही. रक्तातून पसरतो, असुरक्षित संबंधांतून, वापरलेल्या सुईतून, आईकडून बाळाला. यातलं काही घडलंय तुमच्या दोघांत?"

"छे छे! भलतंच काय!"

"मग घरी जा. आणि साबण खाऊ नका."

फोरमन तरंगत घरी आला. पण बातमी त्याच्या आधी पोचली होती. ताट दाराबाहेर मांडलेलं, शेजारी अंथरुणाची गुंडाळी.

"अगं, थुंकीतून काही होत नाही! डॉक्टर म्हणाल्या."

"तुम्हीच तर घसा फोडून सांगत होतात की होतं," दाराआडून बायको म्हणाली. "पोरं आहेत घरात. मी नाही धोका पत्करणार."

सकाळी त्यानं हातापाया पडून बायकोला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तेच पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठे त्याला घरात घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत तो कँटीनमध्ये उभा राहिला आणि फरशीकडे बघत पुटपुटला, "डॉक्टर म्हणतात, थुंकीतून पसरत नाही. आत बसू द्या त्याला." माफी हा शब्द त्याला कुणी शिकवला नसावा.

वेल्डर दारातच होता. "माझ्या वेळी कुणाला डॉक्टर आठवला नाही," तो म्हणाला. "स्वतःवर आलं, तसा लगेच सापडला."

दोघं-तिघं लगबगीनं सरकले, जागा झाली, "ये रे, ये, बस" सुरू झालं. वेल्डर पंख्याखालच्या बाकावर बसला, कारण बाहेर ऊन रणरणत होतं. शेजाऱ्यानं लाळघोटेपणानं स्वतःची भाजी पुढे सरकवली. वेल्डरनं ती परत सारली आणि आपला डबा उघडला.