चोवीस तासांचं पाणी

कुंदाताई गेला महिनाभर थंड पाण्याने अंघोळ करीत होत्या आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. पहाटे पाचला स्नान, मग देवपूजा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. पण गीझर लावला की तो आधी कण्हायचा, मग खडखडू लागायचा आणि भिंतीपलीकडे निजलेली सून जागी व्हायची. गंधाली परदेशी कंपनीचे काम घरातून करी. तिची पाठ अंथरुणाला लागायलाच दोन-तीन वाजत. "आई, आठला केलीत अंघोळ तर नाही का चालणार?" असे ती एकदाच म्हणाली होती. नेमही मोडायचा नाही आणि तिची झोपही, म्हणून कुंदाताईंनी पहाटे गीझर लावणेच सोडले. गुडघे मात्र ठणकू लागले.

शनिवारी गंधालीने गीझरच्या आवाजासाठी मुलुंड स्टेशनजवळच्या दुकानातून शिवदास मेकॅनिकला बोलावले. त्याने वीज बंद केली, टाकीतले पाणी सोडले आणि कॉइल बाहेर काढली. तिच्यावर चुन्यासारखा पांढरा थर चढला होता.

"हा घ्या तुमचा आवाज," तो म्हणाला. "थराखाली पाणी अडकतं, तिथल्या तिथे उकळतं, म्हणून खडखडतं. तापायलाही वेळ लागतो. बोअरचं पाणी ना हे?"

"छे, बोअर फक्त फ्लशला," गंधाली म्हणाली.

शिवदास पाइपावरून हात फिरवीत गेला आणि फ्लशच्या टाकीपाशी थांबला. "गीझर याच लाइनवर आहे, मॅडम. कुठला गाढव प्लंबर होता?"

कुंदाताईंना वर्षापूर्वीची, बाथरूमच्या कामाची ती दुपार आठवली. घरात त्या एकट्याच होत्या. सोसायटी पालिकेचे पाणी सकाळी सहाला सोडी. बोअरचे मात्र कधीही येई, म्हणून इमारतीत त्याला 'चोवीस तासांचं पाणी' म्हणत. गीझरला कुठली लाइन देऊ, असे प्लंबरने विचारले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पहाटेचे पाच होते.

"गाढव तो नव्हता," त्या म्हणाल्या. "चोवीस तासांची दे, असं मीच सांगितलं त्याला."

"वर्षभर कानांत बोळे घालून झोपतेय मी, आई."

"आणि महिनाभर मी गार पाण्याने अंघोळ करतेय."

बोलायचे नव्हते ते तोंडातून निघून गेले. गंधालीची नजर त्यांच्या पायांकडे गेली. "या गुडघ्यांनी? सांगायचं तरी ना."

शिवदासने घसा खाकरला. "साफ करून देतो. पण बोअरवर ठेवलात तर पुन्हा हेच. पालिकेच्या लाइनवर घेतलात तर आवाज नाही, दहा मिनिटांत पाणी कडक. फक्त सहाच्या आत मिळणार नाही. बोला काकू, कुठली देऊ?"

कुंदाताईंनी एकवार देवघराकडे पाहिले.

"पालिकेची दे. देवाला तासभर थांबावं लागेल."

"थांबेल तो," गंधाली म्हणाली. "देव काही आमच्या अमेरिकेच्या साहेबासारखा घड्याळ लावून बसत नाही."

दुसऱ्या दिवशी सहाला कुंदाताईंनी बटण दाबले. लाल दिवा लागला, आवाज काहीच नाही. सवयीने त्या कण्हण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने दिवा विझला तेव्हा गीझर बिघडला असे वाटून त्यांनी नळाखाली हात धरला आणि चटका बसून मागे घेतला.

भिंतीपलीकडून सुनेचे बारीक घोरणे ऐकू येत होते.